चित्रपटाचे अंदाजपत्रक: माणसे, दिवस आणि पैसा

चित्रपटाचे अंदाजपत्रक पटकथा पक्की झाल्यावर आणि चित्रीकरणाचा मुहूर्त ठरण्याआधी तयार होते. कोणते काम कोण करणार, किती दिवस करणार आणि त्याचे किती पैसे द्यायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात लिहिलेली असतात. पटकथेत ‘पावसात भिजलेला बाजार’ असे तीन शब्द असतात. अंदाजपत्रकात त्याच तीन शब्दांचे पाण्याचे टँकर, पाऊस पाडणारे पाइप, शंभर ज्युनिअर आर्टिस्ट, जादा कपडे आणि एक रात्रपाळी होते. म्हणून लेखक आणि दिग्दर्शक यांच्यानंतर चित्रपटाचे रूप ठरवणारा तिसरा महत्त्वाचा घटक म्हणजे अंदाजपत्रक.

एकहाती कामापासून विभागांपर्यंत

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी कामाची वाटणी जवळजवळ नव्हतीच. 1912 साली फाळके लंडनला गेले, कॅमेरा आणि यंत्रसामग्री घेऊन आले आणि त्यासाठी त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. लेखन, दिग्दर्शन, फिल्मवरची रासायनिक प्रक्रिया आणि संकलन त्यांच्याकडेच होते. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालवला. सरस्वतीबाई फाळके सगळ्या युनिटचा स्वयंपाक करत, फिल्मला भोके पाडत आणि उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवत. आजच्या भाषेत केटरिंग, लॅब आणि लाइट ही तीन खाती एकाच व्यक्तीने सांभाळली, आणि त्या कामाला हिशेबात रकाना नव्हता. तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांनी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना निवडले. त्यांना तिथे महिना 10 रुपये मिळत. फाळक्यांनी 15 देऊ केले. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचा खर्च सुमारे 15 हजार रुपये सांगितला जातो.

1929 साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीत विभाग स्पष्ट झाले. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांच्याकडे, कॅमेरा धायबर यांच्याकडे, कला फत्तेलाल यांच्याकडे, ध्वनी दामले यांच्याकडे आणि पैशाची बाजू सीतारामपंत कुलकर्णी यांच्याकडे. विभागांचे प्रमुखच कंपनीचे भागीदार असल्याने खर्चाचा निर्णय आणि कलेचा निर्णय एकाच टेबलावर होत असे. कंपनी 1933 मध्ये पुण्यात आली. नट, सुतार, शिंपी आणि रंगारी तिथे पगारी नोकर होते. चित्रपट सुरू असो वा नसो, पगार चालू राहत असे. म्हणजे माणसांचा खर्च कंपनीचा स्थायी खर्च होता.

1940 आणि 1950 च्या दशकांत ही स्टुडिओ-पद्धत मोडली. प्रभातही 1953 मध्ये बंद झाली आणि तिच्या जागेवर 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्यानंतर प्रत्येक चित्रपटासाठी माणसे नव्याने गोळा करण्याची रीत आली. आजचे अंदाजपत्रक याच रीतीतून घडले आहे. युनिट काही महिन्यांपुरते जमते आणि पॅकअप झाले की पांगते. त्यामुळे प्रत्येकाच्या कामाचे दिवस आणि दर आधी लिहून ठेवावे लागतात.

पटकथेतून दिवस काढणे

अंदाजपत्रकाची सुरुवात रुपयांनी होत नाही, ब्रेकडाउनने होते. पहिला सहाय्यक दिग्दर्शक पटकथेतील प्रत्येक दृश्य सुटे करतो. दृश्य घरातले की बाहेरचे, दिवसाचे की रात्रीचे, पात्रे कोणती, गर्दी किती, जनावरे, वाहने आणि वस्तू कोणत्या, ही नोंद दृश्यागणिक होते. मग एका ठिकाणची सर्व दृश्ये एकत्र बांधली जातात, मग ती कथेत कितीही दूर असोत. शेवटचे दृश्य पहिल्या दिवशी चित्रित होते ते याच कारणाने.

यातून शेड्युल तयार होते आणि शेड्युलमधून दिवसांचा आकडा मिळतो. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ठोकताळा आहे. शंभर पानांची पटकथा रोज चार पाने या वेगाने 25 दिवसांत होते. रोज तीन पाने झाली तर 34 दिवस लागतात. हा नऊ दिवसांचा फरक पुढच्या प्रत्येक रकान्यात उमटतो.

रेषेच्या वर, रेषेच्या खाली

अंदाजपत्रकाच्या गोषवाऱ्यात एक आडवी रेषा असते. तिच्या वरचा भाग ‘अबव्ह द लाइन’ आणि खालचा ‘बिलो द लाइन’ म्हणून ओळखला जातो. वरच्या भागात कथा-पटकथेचे हक्क, लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि प्रमुख कलाकार यांचे मानधन येते. या रकमा वाटाघाटीतून ठरतात आणि बहुधा पूर्ण चित्रपटासाठी एकगठ्ठा असतात. नट किती लोकप्रिय आहे, यावर त्याचा आकडा ठरतो. दिवस वाढले तरी तो फारसा हलत नाही.

खालच्या भागात बाकी सगळे येतात: तंत्रज्ञ, कामगार, यंत्रे, प्रवास, जेवण, सेट, कपडे. हा खर्च दिवसांवर चालतो. मोठ्या हिंदी चित्रपटांत वरचा भाग एकूण खर्चाचा फार मोठा हिस्सा खाऊन टाकतो. बहुतेक मराठी चित्रपटांत उलट घडते: पैसा मुख्यतः रेषेखाली जातो. त्यामुळे मराठी निर्मात्याचे यश दिवसांच्या शिस्तीवर जास्त अवलंबून असते.

विभाग आणि त्यांची माणसे

*निर्मिती विभाग.* रोजचा पैसा याच विभागाच्या हातातून जातो. लाइन प्रोड्युसर किंवा कार्यकारी निर्माता एकूण खर्चावर लक्ष ठेवतो. प्रॉडक्शन मॅनेजर गाड्या, खोल्या, परवानग्या आणि रोजची देणी पाहतो. स्पॉटदादा चहापाणी, खुर्च्या, छत्र्या आणि सेटवरची शंभर किरकोळ कामे करतात. त्यांची मजुरी हा अंदाजपत्रकातला सर्वांत लहान आकड्यांपैकी एक, पण त्यांच्याविना सेट तासभरही चालत नाही.

*दिग्दर्शन विभाग.* पहिला सहाय्यक वेळापत्रक राखतो, दुसरा कलाकारांचे कॉल पाहतो आणि एक सहाय्यक कंटिन्युइटी सांभाळतो. कंटिन्युइटीतली एक चूक, उदाहरणार्थ बदललेला शर्ट किंवा नाहीसे झालेले बँडेज, पुन्हा चित्रीकरण करायला लावते. या कामावर वाचवलेला पैसा म्हणूनच महागात पडतो.

*कॅमेरा आणि प्रकाश.* छायालेखकाबरोबर सहाय्यक, फोकस पुलर आणि कॅमेऱ्यासोबत भाड्याने येणारे अटेंडंट असतात. प्रकाशाचा प्रमुख तंत्रज्ञ म्हणजे गॅफर; त्याच्या हाताखाली लाइटमन काम करतात. कॅमेरा, लेन्स, ट्रॉली, जिमी जिब आणि दिवे दिवसाच्या भाड्यावर मिळतात. जनरेटर व्हॅनचे भाडे वेगळे आणि डिझेल वेगळे. फिल्मच्या काळात कच्ची फिल्म हे मोठे खाते होते. 35 मिमी फिल्म मिनिटाला 90 फूट धावते, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला 10,800 फूट लागतात. दहापट चित्रण केले तर एक लाख फुटांहून अधिक फिल्म, तिचे धुणे आणि तिची प्रिंट असा खर्च येई. डिजिटलमुळे हे खाते गेले. त्याच्या जागी हार्ड डिस्क आणि रोज दोन-तीन प्रती काढून ठेवणारा माणूस आला. नवा खर्च जुन्याच्या मानाने लहान आहे, पण त्यात कसूर झाली तर दिवसभराचे काम नाहीसे होते.

*कला, वेशभूषा, रंगभूषा.* कला दिग्दर्शकाच्या विभागात सेट उभारणारे सुतार आणि रंगारी, वस्तू जमवणारे आणि चित्रीकरणाच्या वेळी हजर राहणारे सेटिंगचे लोक असतात. वेशभूषेत डिझायनर आणि ड्रेसदादा. रंगभूषेत मेकअपदादा आणि हेअर ड्रेसर. एका पात्राचे कपडे एकाच संचात घेऊन भागत नाही. चिखलात पडण्याचे दृश्य असेल तर त्याच सदऱ्याचे तीन-चार नग लागतात.

*ध्वनी.* इथे एक मूलभूत निवड असते. सिंक साउंड, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज, घेतला तर सेटवर ध्वनिमुद्रक आणि बूम धरणारा हवा, शांत जनरेटर हवा आणि शांततेसाठी वेळ हवा. संवाद नंतर डब करायचे ठरवले तर चित्रीकरण वेगाने होते, पण स्टुडिओचे भाडे आणि कलाकारांच्या जादा तारखा लागतात. नवख्या ग्रामीण कलाकारांना डबिंगमध्ये तोच सूर पुन्हा लावणे कठीण जाते, म्हणून त्यांच्या चित्रपटांत सिंक साउंडचा खर्च सार्थकी लागतो.

जालन्यात तीस दिवस

चित्रपटाचा बराचसा खर्च जागेवरून ठरतो. मराठी चित्रपटाचे तंत्रज्ञ आणि यंत्रे मुख्यतः मुंबई-पुण्यातून येतात; त्यामुळे चित्रीकरण, उदाहरणार्थ, मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात करायचे ठरले की प्रवास आणि मुक्काम ही दोन खाती लगेच उघडतात. प्रवास पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. जालना समृद्धी महामार्गावर आहे, मुंबईशी रेल्वेने जोडलेले आहे आणि छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ जालना रस्त्यावरच आहे. दिवे आणि जनरेटर मात्र ट्रकनेच येतात आणि त्यांचे भाडे मुंबई सोडल्यापासून मुंबईत परतेपर्यंत मोजले जाते.

जिल्ह्याची विविधता निर्मात्याच्या फायद्याची आहे. जालना शहरात पोलाद कारखाने, मोंढा आणि मोती तलाव. अंबड-घनसावंगीकडे मोसंबीच्या बागा आणि गोदावरीचा काठ. भोकरदन तालुक्यात अन्व्याचे प्राचीन मंदिर. शहर, कारखाना, शेती आणि नदी एकाच मुक्कामातून गाठता येत असतील तर युनिट हलवण्याचा दिवस वाचतो. युनिट एका गावातून दुसऱ्या गावात हलते त्या दिवशी चित्रीकरण जवळजवळ शून्य, पण खर्च पूर्ण असतो.

हंगाम हा दुसरा घटक. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. दुपारचे तास वाया जातात, सावलीची सोय आणि पाण्याचा खर्च वाढतो. पाऊस लागला की बाहेरची दृश्ये लांबतात. कथेत बोंडे फुटलेली कपाशी हवी असेल तर तारखा पिकाच्या वेळेनेच घ्याव्या लागतात. कपाशी वेचून झाल्यावर तेच रान पुन्हा मिळत नाही. रेकीसाठी, म्हणजे जागेच्या पाहणीसाठी, दोन-तीन माणसांना आधी पाठवण्याचा खर्च याच कारणाने वसूल होतो.

परवानग्यांचे खातेही जागेला बांधलेले असते. गावात ग्रामपंचायत, जालना शहरात महानगरपालिका, गर्दी आणि रस्त्यासाठी पोलीस, स्थानकावर चित्रीकरण असेल तर रेल्वे, संरक्षित वास्तूसाठी पुरातत्त्व खाते. पडद्यावर बैल, घोडा किंवा कुत्रा दिसणार असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते. ग्रामीण चित्रपटात बैलजोडी ही नेहमीची गोष्ट, पण हा रकाना अनेकदा ऐन वेळी आठवतो. बालकलाकारांसाठी नियम अधिक कडक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही. त्याच्या उत्पन्नाचा किमान 20 टक्के भाग त्याच्या नावे मुदतठेवीत ठेवावा लागतो. म्हणजे लहान मूल नायक असलेला चित्रपट कागदावर स्वस्त दिसला तरी त्याचे दिवस वाढतात.

एका दिवसाची किंमत

गणित समजण्यासाठी एक कल्पित युनिट घेता येते. त्यात 70 माणसे आहेत: दिग्दर्शन 6, निर्मिती 8, स्पॉट 6, कॅमेरा 6, प्रकाश 10, कला 8, वेशभूषा 4, रंगभूषा व केशभूषा 4, ध्वनी 3, चालक 8 आणि कलाकार 7. खालील दर केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्यक्ष दर माणूस, जागा आणि वर्षानुसार बदलतात.

दोघांना एक खोली धरून 35 खोल्यांचे, खोलीमागे 1,500 रुपयांप्रमाणे, 52,500 रुपये होतात. चार वेळचे खाणे माणशी 400 रुपये धरले तर 28,000. आठ गाड्या, प्रत्येकी 4,000, म्हणजे 32,000. जनरेटर आणि डिझेल 20,000. कॅमेरा आणि लेन्स 40,000. दिवे आणि ग्रिप 35,000. तंत्रज्ञ आणि कामगारांची रोजची मजुरी व भत्ता 1,20,000. जागेचे भाडे आणि ज्युनिअर आर्टिस्ट 30,000. किरकोळ 12,500. एकूण 3 लाख 70 हजार रुपये. तीस दिवसांचे 1 कोटी 11 लाख, आणि यात प्रमुख कलाकार, दिग्दर्शक, सेट, संगीत वा संकलन यांचा एक रुपयाही नाही.

आता वेगाचा प्रश्न पुन्हा पाहता येतो. शंभर पानांसाठी 25 ऐवजी 34 दिवस लागले तर वाढीव नऊ दिवसांचे 33 लाख 30 हजार होतात. महाराष्ट्र शासन दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देते. ‘अ’ दर्जासाठी 40 लाख आणि ‘ब’ दर्जासाठी 30 लाख ही रक्कम परिचित आहे. रोजचे एक पान मागे पडले तर ‘ब’ दर्जाचे संपूर्ण अनुदान त्यातच संपते. शिवाय अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर आणि परीक्षणानंतर मिळते. चित्रीकरणाच्या काळात त्यावर विसंबता येत नाही. तोवर पैसा निर्मात्यालाच उभा करावा लागतो.

चित्रीकरणानंतर

पॅकअपनंतरचा खर्च शांतपणे होतो आणि म्हणून तो कमी लेखला जातो. संकलन, डबिंग, फॉली, पार्श्वसंगीत, ध्वनिमिश्रण, रंगसंस्कार म्हणजे डीआय, दृश्य परिणाम, उपशीर्षके, सेन्सॉर प्रमाणपत्र आणि चित्रपटगृहांसाठीची डिजिटल प्रत असा हा क्रम आहे. त्यानंतर प्रसिद्धी आणि वितरण येते. त्याचे अंदाजपत्रक निर्मितीपासून वेगळे ठेवावे, कारण चित्रीकरणाची तूट प्रसिद्धीच्या पैशातून भरली जाण्याचा धोका असतो. असा चित्रपट पूर्ण होतो, पण तो आला आहे हे जालन्याच्या प्रेक्षकाला कळेपर्यंत चित्रपटगृहातून उतरलेला असतो.

शेवटचा रकाना आकस्मिक खर्चाचा. एकूण निर्मितीखर्चाच्या साधारण दहा टक्के रक्कम बाजूला ठेवण्याची रीत आहे. पाऊस, आजारपण, बिघडलेली लेन्स, नाकारलेली परवानगी यांसाठी ती असते. पैसे कमी पडले की हाच रकाना प्रथम पुसला जातो आणि मग पहिल्याच अडचणीत कामगारांची देणी थकतात.

निवड कुठे करायची

कमी पैशात चित्रपट करणे म्हणजे प्रत्येक रकाना सारखाच कापणे नव्हे. भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकून ‘ख्वाडा’ उभा केला, तरी जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा दर्जा सोडला नाही; त्या ध्वनिमुद्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये प्रमुख भूमिकांत नवे चेहरे होते आणि चित्रीकरण करमाळा परिसरात झाले, संगीतासाठी मात्र अमेरिकेत सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. रेषेवरच्या कलाकारांवर वाचलेला पैसा रेषेखालच्या संगीतात गेला. सुमारे 4 कोटींत झाल्याचे सांगितले जाते अशा या चित्रपटाने 2016 मध्ये 100 कोटींची कमाई ओलांडली. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात, तिथल्याच लोकांना घेऊन झाला. त्यात गाव हाच सेट होता आणि गावकरी हेच कलाकार. तिन्ही चित्रपटांत काटकसर आहे, पण ती कथेला धक्का न लावणाऱ्या ठिकाणी केलेली आहे.

मराठवाड्यातून चित्रपट करू पाहणाऱ्यांना यातून एक ठोस मार्ग दिसतो. स्थानिक घरे, शेते, वाहने, स्वयंपाकी, सुतार आणि कलाकार घेतले तर मुक्काम आणि प्रवासाची खाती आकसतात आणि जिल्ह्यात माहितगार माणसे तयार होतात. मात्र स्थानिक माणूस म्हणून त्याचे काम फुकट धरता कामा नये. सरस्वतीबाईंच्या श्रमाला हिशेबात जागा नव्हती. आजच्या अंदाजपत्रकात प्रत्येक श्रमाला नाव, दर आणि दिवस असलेच पाहिजेत. दिवस प्रामाणिकपणे मोजलेले, आकस्मिक रकमेला हात न लावलेला आणि रोजंदारीवरच्या माणसाचे पैसे आधी बाजूला काढलेले असे अंदाजपत्रकच चित्रपट पूर्णत्वाला नेते.